आरोनियन विरुद्ध आनंद, विक आन झी २०१३: मेरान ओपनिंग आणि तेवीस चालींच्या डावाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा डाव नेमका कोणता?

१५ जानेवारी २०१३, नेदरलँड्समधलं विक आन झी, टाटा स्टील स्पर्धेची चौथी फेरी. पांढरी मोहरी आर्मेनियाच्या लेव्हॉन आरोनियनकडे, काळी विश्वनाथन आनंदकडे. आनंद तेव्हा जगज्जेता होता. आरोनियनचं रेटिंग मात्र त्याच्यापेक्षा जास्त, २८००च्या वर होतं. पांढरी मोहरी घेऊन खेळणाऱ्या अशा खेळाडूला तेविसाव्या चालीलाच डाव सोडावा लागला.

पूर्ण चाली मिळतील का?

रा म्हणजे राजा, व वजीर, ह हत्ती, उं उंट, घो घोडा. नुसतं घर लिहिलं असेल तर ती प्याद्याची चाल. × म्हणजे मारलं, + म्हणजे शह. ०-० म्हणजे कॅसलिंग, राजा आणि हत्ती एकाच चालीत हलवून राजा सुरक्षित करणं. आकड्यानंतर तीन टिंबं असतील (८. ...) तर ती काळ्याची चाल. कंसातलं अक्षर मोहरं कुठल्या उभ्या रांगेतून आलं ते सांगतं.

१. डी४ डी५ २. सी४ सी६ ३. घो-एफ३ घो-एफ६ ४. घो-सी३ ई६ ५. ई३ घो(बी)-डी७ ६. उं-डी३ डी×सी४ ७. उं×सी४ बी५ ८. उं-डी३ उं-डी६ ९. ०-० ०-० १०. व-सी२ उं-बी७ ११. ए३ ह-सी८ १२. घो-जी५ सी५ १३. घो×एच७ घो-जी४ १४. एफ४ सी×डी४ १५. ई×डी४ उं-सी५ १६. उं-ई२ घो(डी)-ई५ १७. उं×जी४ उं×डी४+ १८. रा-एच१ घो×जी४ १९. घो×एफ८ एफ५ २०. घो-जी६ व-एफ६ २१. एच३ व×जी६ २२. व-ई२ व-एच५ २३. व-डी३ उं-ई३. पांढऱ्याने डाव सोडला.

पुढची उत्तरं वाचण्याआधी पट मांडा. मोबाइलवरचा चालेल, लाकडी असेल तर उत्तम.

या ओपनिंगचं, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चालींचं, नाव काय, आणि ते आलं कुठून?

सेमी-स्लाव बचाव, त्यातला मेरान प्रकार. डी५, सी६, ई६ अशी काळ्या प्याद्यांची तिरकी साखळी उभी राहिली की सेमी-स्लाव. त्यात पांढऱ्याचा उंट डी३वर आल्यावर काळ्याने सी४ मारून बी५ ढकललं की मेरान. उत्तर इटलीतल्या मेरानो गावी १९२४ साली झालेल्या स्पर्धेत ग्रुनफेल्डविरुद्ध अकिबा रुबिनस्टाइनने हा प्रकार खेळला, तेव्हापासून गावाचं नाव ओपनिंगला चिकटलं. कार्पोव्ह आणि कोर्चनॉय यांचा १९८१चा जगज्जेतेपदाचा सामनाही याच गावात झाला होता. रुबिनस्टाइन हे नाव लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा येणार आहे.

डी५चं प्यादं मधल्या घरातून सी४वर नेऊन काळा काय कमावतो?

वेळ. पांढऱ्याचा उंट सहाव्या चालीत डी३वर आला की काळा लगेच सी४ मारतो. उंटाला ते प्यादं मारायला सी४वर यावं लागतं, म्हणजे त्याने आधी डी३वर घालवलेली चाल वाया गेली. मग बी५ ढकललं की उंट पुन्हा मागे. एकटा उंट तीन वेळा हलला, आणि तेवढ्यात काळ्याने वजिराच्या बाजूला जागा मिळवली. हे सगळं उंट डी३वर येईपर्यंत थांबून केलं तरच जमतं. चौथ्या-पाचव्या चालीतच सी४ मारलं तर उंट एका झेपेत सी४वर येतो आणि ही बचत होत नाही.

किंमतही आहे. बी७च्या उंटासमोर सी६चं प्यादं भिंतीसारखं उभं असतं. मेरान खेळणाऱ्या काळ्याच्या डोक्यात म्हणून एकच विचार घोळत असतो: सी५ कधी ढकलता येईल? ते वेळेवर झालं तर उंटाला थेट पांढऱ्या राजापर्यंत रस्ता मिळतो. नाही झालं तर काळा दबून बसतो आणि चाळीस चाली नुसता सोसत राहतो. आनंदने या डावात सी५ ढकललं ते बाराव्या चालीला, आणि तेही समोर एच७वर घाला पडत असताना.

आठव्या चालीला ए६ खेळतात ना? इथे उंट डी६ का?

८. ... ए६ ही जुनी, पुस्तकी वाट. बी५ला आधार देऊन लगेच सी५ ढकलायचं, अशी तिची योजना. आनंदला ती पुरेपूर माहीत होती. २००८ साली बॉनमधल्या जगज्जेतेपदाच्या सामन्यात त्याने व्लादिमिर क्रॅमनिकला तिसऱ्या आणि पाचव्या डावात काळी मोहरी घेऊन हरवलं, ते याच वाटेने. एकाच ओपनिंगमध्ये, एकाच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध, काळ्याने दोन विजय! तो सामना त्याने साडेसहा-साडेचार असा जिंकला.

८. ... उंट डी६ दिसायला शांत आहे. उंट बाहेर काढायचा, कॅसलिंग करायचं, मग बघू. पण त्या उंटाची नजर एच२वर आहे, आणि दुसरा उंट बी७वर गेला की त्याची नजर जी२वर. सी६चं प्यादं हलेपर्यंत यातला एकच डोळा उघडा असतो.

१२. घोडा जी५ ही आरोनियनची घोडचूक होती का?

नाही. एच७वर आता दोन मोहरी रोखलेली आहेत, जी५चा घोडा आणि डी३चा उंट, उंटाच्या मागे सी२वर वजीर. एच७चा राखणदार एफ६चा घोडा आणि स्वतः राजा. अशा वेळी बहुतेक जण एच६ किंवा जी६ खेळून राजासमोरची प्यादी सैल करतील, आणि पांढऱ्याला तेच हवं असतं. आनंदने एच७कडे दुर्लक्ष करून सी५ ढकललं. डाव फिरायला सुरुवात झाली ती इथे.

१३. घोडा×एच७ नंतर काळ्याने तो घोडा मारला का नाही?

मारला तर १४. उंट×एच७+, राजा कोपऱ्यात, आणि पांढरा एक प्यादं वर. शिवाय तो उंट ई४वर येऊन बी७च्या उंटाशी अदलाबदल करू शकतो, म्हणजे काळ्याचं सगळ्यात चांगलं मोहरं पटावरून जाईल.

त्याऐवजी १३. ... घोडा जी४. आता एच२वर धाक आहे. पांढऱ्याने हावरेपणाने एफ८चा हत्ती घेतला तर उंट एच२वर शह देतो, राजा एच१वर जातो, वजीर एच४वर येतो आणि उंट बाजूला होताच उघडा शह बसून मात जवळ येते. जी३ ढकलून राजा वाचवावा म्हटलं तर तेही नाही, कारण बी७च्या उंटामुळे जी२चं प्यादं राजाशी जखडलेलं असतं, म्हणजे ते हललं तर मागच्या राजालाच शह बसतो. सी५ ढकलल्याचा पहिला हप्ता वसूल झाला तो असा.

मग १४. एफ४ खेळून पांढऱ्याने एच२ वाचवलं की. पुढे काय बिघडलं?

एच२ वाचलं, पण एफ२चं घर रिकामं झालं. या एका चालीने जी१ ते ए७ ही तिरकी रेषा उघडायला लागली. काळ्याने डी४वर मारामारी केली, ई३चं प्यादं डी४वर आलं, आणि राजासमोरच्या त्या रेषेवर डी४चं एकटं प्यादं उरलं. डी६च्या उंटाचा एक रस्ता एफ४ने बंद झाला होता. तो शांतपणे दुसऱ्या रस्त्यावर जाऊन उभा राहिला: १५. ... उंट सी५.

पण सी५वर तो उंट तर फुकटात मिळतोय!

मिळतो. १६. डी×सी५ घोडा×सी५, आणि बघा काय झालं ते. डी रांग उघडली. डी३च्या उंटावर घोड्याचा मार आणि डी८च्या वजिराचाही. वर वजिराला डी४वर शह द्यायला जागा. सी रांगेत हत्ती, बी७वर उंट, जी४वर घोडा, सगळे एकाच राजावर रोखलेले. पांढऱ्याची ए१चा हत्ती आणि सी१चा उंट ही दोन मोहरी अजून जागची हललेली नाहीत, आणि एच७चा घोडा स्वतःच्या फौजेपासून दूर एकटा.

आणि उंट नाही मारला तर? डी४चं प्यादं राजाशी जखडलेलं. ते उंट मारण्यापलीकडे काही करू शकत नाही. हा तपशील पुढच्याच चालीला कामी येतो.

सगळे ज्या चालीबद्दल बोलतात ती १६. ... घोडा ई५ कशी चालते?

त्या चालीनंतर पट तिथेच थांबवून मोजा. एफ८च्या हत्तीवर एच७च्या घोड्याचा मार. सी५च्या उंटावर डी४च्या प्याद्याचा. ई५च्या घोड्यावर एफ४च्या प्याद्याचा. जी४च्या घोड्यावर ई२च्या उंटाचा. काळ्याची चार मोहरी एकाच वेळी माऱ्यात आहेत, आणि तरी बरं काळ्याचंच चाललंय.

डी४च्या प्याद्याने ई५ मारणं नियमात बसत नाही, ते जखडलेलं आहे. एफ४च्या प्याद्याने मारलं तर ही सुंदर मात:

१७. एफ×ई५ व×डी४+ १८. रा-एच१ व-जी१+ १९. ह×जी१ घो-एफ२ मात.

राजाला वजीर मारता येत नाही, कारण सी५च्या उंटाचा त्याला आधार आहे. म्हणून हत्तीलाच मारावा लागतो. हत्ती जी१वर, प्यादी जी२ आणि एच२वर, राजा आपल्याच माणसांत कोंडलेला, आणि घोड्याचा शह. इंग्रजी पुस्तकांत याला स्मदर्ड मेट म्हणतात. सी२चा वजीर तो घोडा मारू शकला असता, पण आरोनियनने नुकताच उंट ई२वर आणून त्याचा रस्ता स्वतःच अडवला होता. जी४च्या घोड्यावर चाल करायला खेळलेली १६. उंट ई२ हीच चाल मात होण्याचा सापळा पुरा करते.

आरोनियनने हे पाहिलं आणि १७. उंट×जी४ खेळला.

या डावातली सर्वोत्तम चाल कोणती?

नव्वद टक्के लोक उंट सी५ किंवा घोडा ई५ म्हणतील. माझं मत १९. ... एफ५.

एकोणिसाव्या चालीत पांढऱ्याने एफ८चा हत्ती घेतला. आता काळा अख्खा हत्ती खाली आहे, आणि एफ८वरचा घोडा राजाच्या शेजारी, मारायला तयार. शंभरातले नव्व्याण्णव जण विचार न करता राजाने तो घोडा घेतील, हात आपोआप तिकडे जातो. पण तसं केलं तर सी२ ते एच७ ही तिरकी रेषा उघडी राहते आणि पांढरा वजीर एच७वरून आत घुसतो. आनंदने घोडा तिथेच राहू दिला आणि एफ५ ढकललं. रेषा बंद झाली, जी४च्या घोड्याला पक्का आधार मिळाला, आणि वजीर एच४वर येण्याची धमकी तशीच राहिली.

समजा पांढऱ्याने २०. घो×ई६ खेळून वजिरावरच मारा केला. मग २०. ... व-एच४ २१. एच३ व-जी३, आणि २२. एच×जी४ला व-एच४ मात. एच रांग उघडली, जी१वर डी४च्या उंटाचा पहारा, राजाला जागाच नाही. म्हणून आरोनियनने घोडा जी६वर नेला, एच४वर नजर ठेवायला. तिथे तो एफ६वरून आलेल्या वजिराच्या तोंडी गेला.

बळी देणाऱ्या चाली घरी संगणकासमोर सापडू शकतात. हत्ती खाली असताना समोर आलेलं मोहरं न घेणं जास्त अवघड, आणि आपल्यासारख्यांनी शिकायचं ते हेच.

२१. एच३ नंतर घोडा जी४वरून हलायला हवा होता ना?

गरजच नव्हती. वजिराने जी६चा घोडा घेतल्यावर पांढऱ्याने २२. एच×जी४ केलं तर व-एच६ मात. एच३चं प्यादं हललं की एच रांग सताड उघडी पडते.

पांढरा एक्स्चेंज वर, म्हणजे उंटाच्या बदल्यात हत्ती मिळवून पुढे, असताना डाव का सोडला?

खरं आहे, शेवटच्या स्थितीत मोहऱ्यांचा हिशेब पांढऱ्याच्या बाजूने आहे: दोन हत्ती विरुद्ध एक हत्ती आणि एक जास्तीचा उंट, प्यादी पाच-पाच. पण जी२चं प्यादं बी७च्या उंटाने जखडलंय आणि एच३चं एच५च्या वजिराने. एच३चा राखणदार म्हणून डी३चा वजीर एवढाच उरला होता. २३. ... उंट ई३ने मध्ये येऊन त्याची वाट कापली. आता व×एच३ची धमकी, आणि जी१वर ई३च्या उंटाचा पहारा.

२४. उं×ई३ केलं तर २४. ... व×एच३+ २५. रा-जी१ व-एच२ मात. वजिराने उंट मारला तर घोडा वजीर घेतो. तिसरा मार्ग नाही.

या डावाची तुलना १९०७च्या डावाशी का करतात?

पोलंडमधल्या लॉड्झ शहरात १९०७ साली रॉटलेवी विरुद्ध रुबिनस्टाइन हा डाव झाला. हाच तो मेरानोचा रुबिनस्टाइन. तिथेही काळ्याचे दोन उंट शेजारच्या दोन तिरक्या रेषांवरून पांढऱ्या राजावर रोखलेले, जी४वर घोडा, सी रांगेत हत्ती. रुबिनस्टाइनने बाविसाव्या चालीला सी३वर हत्तीचा बळी दिला, वजीर मारू दिला, दुसरा हत्ती डी२वर नेऊन ठेवला, आणि पंचविसाव्या चालीला हत्ती एच३वर आल्यावर रॉटलेवीने डाव सोडला. ज्याने तो डाव एकदा पाहिलाय त्याला आनंदचा डाव बघताना तो आठवणारच.

फरक एक आहे. रुबिनस्टाइनने सगळी मोहरी जमवून मग स्फोट केला. आनंदच्या डावात स्फोट आधी सुरू झाला आणि उंट त्याच्या मध्यातच नव्या रेषेवर गेला. कोणता डाव जास्त सुंदर, यावर चहाच्या टपरीवर दोन तास सहज वाद घालता येतो. मला विचाराल तर अजूनही रुबिनस्टाइन, केसभर.

हे सगळं पटावर सुचलं की घरची तयारी होती?

पाया घरचा. २०१२च्या मे महिन्यात मॉस्कोत बोरिस गेलफंडविरुद्ध जगज्जेतेपदाचा सामना झाला. त्यासाठी आनंदने सेमी-स्लाववर बरंच काम केलं होतं, ही कल्पनाही त्याच कामातली. सामन्यात तिचा उपयोग झाला नाही आणि ती जानेवारीत आरोनियनच्या वाट्याला आली.

त्यामुळे डावाचं मोल कमी होतं असं काहींना वाटतं. मला नाही वाटत. तयारी केलेली चाल आठ महिन्यांनी, घड्याळ चालू असताना, समोर आरोनियन बसलेला असताना पुन्हा उभी करायची तर तिच्यामागचं कारण समजलेलं असावं लागतं.

स्पर्धा कोण जिंकलं?

मॅग्नस कार्लसन, १३ पैकी १० गुण. १९९९च्या कास्पारोव्हच्या गुणांशी बरोबरी. गंमत म्हणजे हा डाव हरलेला आरोनियन साडेआठ गुणांनी दुसरा आला आणि आनंद कार्याकिनसोबत आठ गुणांवर त्याच्या मागे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चेन्नईत आनंदने जगज्जेतेपद कार्लसनकडे गमावलं.

डच गावातल्या स्पर्धेला टाटांचं नाव कसं?

शेजारीच पोलादाचा मोठा कारखाना आहे. १९३८ साली बेव्हरवाइकमध्ये सुरू झालेली ही स्पर्धा हूगोव्हन्स या पोलाद कंपनीच्या नावाने ओळखली जायची. १९६८मध्ये ती विक आन झीला गेली. पुढे कंपनी कोरस झाली, २००७मध्ये टाटा स्टीलने कोरस घेतली, आणि २०११पासून स्पर्धेला टाटा स्टील हे नाव आलं. समारोपाच्या जेवणात वाटाण्याचं सूप देण्याची जुनी प्रथा मालक बदलले तरी टिकली.

भारतीयांचं या गावाशी चांगलं जमतं. आनंद इथे पाच वेळा पहिला आला, काही वेळा विभागून. नाशिकचा विदित गुजराथी २०१८मध्ये चॅलेंजर्स गट जिंकून वरच्या गटात गेला. २०२५मध्ये प्रज्ञानंदने टायब्रेकमध्ये गुकेशला हरवून मुख्य स्पर्धा जिंकली.

क्लबमध्ये खेळणाऱ्याने मेरान शिकावं का?

शिकावं, पण अपेक्षा बेताची ठेवून. तालुका-जिल्हा पातळीवर समोरचा खेळाडू तुम्हाला मेरान खेळू देईलच असं नाही. पाचव्या चालीला उंट जी५वर आला की बॉटविनिक किंवा मॉस्को प्रकार सुरू होतात, ते वेगळंच रान आहे. सहाव्या चालीला उंट डी३ऐवजी वजीर सी२वर आला की तो अँटी-मेरान. मग पांढरा उंट डी३वर जाण्याची घाईच करत नाही आणि वर सांगितलेली वेळेची बचत हातची जाते. या तिन्हीची किमान दहा-बारा चालींची तयारी नसेल तर आधी साधा स्लाव खेळा.

आणि पांढरी मोहरी असतील तर? ८. ... उंट डी६ समोर आला की एच७चं प्यादं दिसेल. हात आखडता घ्या. आधी ए१चा हत्ती आणि सी१चा उंट कामाला लावा.

मुलांना हा डाव शिकवताना कुठून सुरुवात करावी?

पहिल्या चालीपासून नको, दहाव्या चालीपर्यंत अर्धी मुलं खिडकीबाहेर बघायला लागतील. १९. घो×एफ८ नंतरची स्थिती मांडा. काळ्याची चाल आहे आणि तो एक हत्ती खाली आहे, एवढंच सांगा. सगळी मुलं राजाने घोडा मारतील. मारू द्या, आणि पांढऱ्याकडून वजीर एच७वर नेऊन पुढे खेळायला लावा. मग स्थिती परत मांडून विचारा की पांढऱ्या वजिराचा तो रस्ता कुठल्या प्याद्याने बंद होतो. एफ५ त्यांना स्वतःला सापडायला हवं, त्यासाठी पंधरा मिनिटं गेली तरी चालतील. ई५चा घोडा आणि कोंडलेल्या राजाची मात दुसऱ्या तासाला दाखवा. ती आधी दाखवली तर आठवडाभर प्रत्येक मूल जमेल तिथे वजीर फुकट देत बसतं.